‘त्यांना सवय असते’ म्हणे!

गळीत हंगाम सुरू झाला की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो: ‘ऊसतोड मजूर काटक असतात, ऊन त्यांच्या अंगवळणी पडलंय, साप त्यांना ओळखता येतात. बायका गर्भपिशवी स्वतःच्या मर्जीने काढतात. मग त्यांच्यासाठी वेगळा खर्च कशाला?’ यातलं एकही विधान टिकत नाही.

‘उन्हाची सवय.’ शरीर एक-दोन आठवड्यांत उन्हाला सरावतं, हे खरं. पण सरावलेल्या माणसाला घाम जास्त येतो, म्हणजे त्याला पाणीही जास्तच लागतं. निकाराग्वा, एल साल्वादोरचे ऊसतोडे जन्मापासून उन्हातलेच. तरी मधुमेह नसलेल्या तरुणांची मूत्रपिंडं तिथे निकामी झाली. फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी हवं. मजुरी टनावर असल्याने एकटा कोयता (ऊस तोडणारं एक जोडपं) थांबणार नाही, म्हणून मुकादमाने अख्खी टोळी एकदमच सावलीत बसवावी. कुणी असंबद्ध बडबडू लागला तर तोंडात पाणी ओतू नका. अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा.

‘साप ओळखता येतात.’ पाचटातली, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यातली, घोणस दिसतच नाही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत. मण्यार मात्र रात्री, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटू लागतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचली तर हा दंश टळतो. चावल्यावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. हातपाय न हलवता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

‘मर्जीने.’ याचाच सर्वांत जास्त संताप येतो. २०१९मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. फडावर शौचालय नाही, म्हणून बाई दिवसभर पाणी टाळते आणि लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जातं, आणि औषधाने बरं होणाऱ्या दुखण्यावर कुणीतरी कॅन्सरची भीती घालतो. उपचाराला पुन्हा पुन्हा जावं तर दर वेळी खाडा पडतो, पैसे कापले जातात. यात मर्जी कुठली? सोबत बीजकोशही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, आणि डोक्यावर उसाची मोळी तशीच.

‘खर्च.’ तळावर पाण्याचा टँकर, हलवता येणारी शौचालयं, आठवड्यातून एकदा परिचारिकेची फेरी आणि आजारपणाच्या दिवशी खाडा न लावणं. मागणी एवढीच आहे.