इडलीपात्र आणि एसएमए-टू

वाशीच्या एका वित्तसंस्थेकडून क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीचा मेल आला, तेव्हा मी आईबरोबर गोखले रोडवर मॅचिंग ब्लाउजपीस शोधत होते. मंगळवारी मेल, सोमवारी मुलाखत. कर्ज मागायला आलेल्या धंद्याचे कागद वाचून हा पैसे फेडेल की बुडवेल हे सांगायचं, असं काम असतं, एवढं मी आईला समजावलं. "हे तर मी तोंड बघून सांगते," ती म्हणाली. "ह्याचा पगार देतात?"

बाबा पतपेढीतून निवृत्त झालेले. त्यांना शंका विचारायची म्हणजे दूध उतू जाणार हे धरूनच चालायचं. बुधवारी सकाळी पोहे खाताना मी सहज बोलून गेले, "करंट रेशो १.३३ हवा." चालू मालमत्ता भागिले चालू देणी, तो हा रेशो.

"१.३३च का? दीड का नाही?"

"टंडन समिती, १९७५."

"समितीने सांगितलं म्हणून?" बाबांनी बशीतले पोहे चमच्याने चिरले आणि पाव हिस्सा बाजूला सारला. "समज, तुझी वडापावची गाडी आहे. माल, येणी सगळं धरून १०० रुपये अडकलेत. त्यातले २५ तुझ्या पदरचे हवेत. उरले ७५, ते बँकेचे आणि बटाटेवाल्याचे. आता १०० भागिले ७५ कर."

मी मोबाइल उघडला.

"तोंडी!"

एक पूर्णांक तीन तीन. नौपाड्यातल्या एका थंड बशीत पन्नास वर्षांपूर्वीची समिती मला समजली. पोहे मात्र बाबांनी संपू दिले नाहीत, त्यांना अजून प्रवर्तकाचं भांडवल वाढवून दाखवायचं होतं.

गुरुवारी थकबाकीचा धडा. एसएमए म्हणजे स्पेशल मेन्शन अकाउंट, बँकेने नजर ठेवायचं खातं. हप्ता ३० दिवसांपर्यंत थकला की खातं एसएमए-झिरो, ३१ ते ६० दिवस एसएमए-वन, ६१ ते ९० एसएमए-टू, आणि ९० उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. हे घोकत मी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत असताना आईला आठवलं की शेजारच्या काकूंनी गणपतीत "उद्या देते" म्हणून नेलेलं इडलीपात्र दिवाळी होऊन पंधरवडा झाला तरी आलेलं नाही. मी कॅलेंडर काढलं. सत्तर दिवस! "आई, हे एसएमए-टू आहे. आजच वसुली कर." आई वाटीभर चकल्या घेऊन गेली (वसुलीला जाताना काहीतरी देऊन यायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं) आणि पाऊण तासाने इडलीपात्र घेऊन आली. एक ताटली कमी होती. तिने ती सोडून दिली. आमच्या धंद्यात ह्याला हेअरकट म्हणतात.

शुक्रवारी मला वाटलं, जो माणूस रोज हेच करतो त्यालाच विचारावं. म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. "शेठ, उधारी कुणाला द्यायची हे कसं ठरवता?" त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मला हवी आहे असं वाटलं असणार. मग तूरडाळ जोखता जोखता म्हणाले, "ताई, जो भाव करतो त्याला मी डोळे मिटून देतो. द्यायचेच नाहीत पैसे, तर तो भाव कशाला करेल?"

शनिवारी स्वतःचा सिबिल स्कोअर काढण्याची दुर्बुद्धी झाली. ७१२. एका क्रेडिट कार्डाचं बिल गेल्या वर्षी मी दोनदा विसरले होते, त्याची ही फळं. ९०० पैकी ७१२ म्हणजे ७९ टक्के, असं सांगून मी वेळ मारून नेत होते. पण घरात पतपेढी बसलेली. "स्कोअर सुरूच ३०० पासून होतो," बाबा पेपरमागून म्हणाले. "म्हणजे ६०० पैकी ४१२. डिस्टिंक्शन गेलं."

सोमवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली. ऐरोलीपर्यंत डीएससीआरचं, म्हणजे धंद्याची कर्ज फेडण्याची ताकद मोजायचं सूत्र नीट येत होतं: नफा, अधिक घसारा, अधिक व्याज, भागिले हप्ता आणि व्याज. घसारा मिळवायचा, कारण तो वहीत खर्ची पडतो, गल्ल्यातून जात नाही. रबाळे गेलं आणि सूत्रातून व्याजही गेलं. घणसोली की घसारा, अशा अवस्थेत मी वाशीला उतरले.

समोर तिघं. १.३३ कुणी विचारलंच नाही. पांढऱ्या मिशांचे एक सर म्हणाले, "ताळेबंद चांगला, बँक स्टेटमेंट स्वच्छ, तरीही तुम्हाला शंका येईल असा अर्जदार कोणता?" पाठ केलेलं सगळं उडालं आणि तोंडातून शेठ बाहेर पडले. "जो व्याजदराबद्दल एक अक्षर बोलत नाही, मिळेल त्या दराने घेतो म्हणतो, तो. ज्याला फेडायचं असतं तो घासाघीस करतो." सर खळखळून हसले. "वा!" म्हणत त्यांनी ते माझ्या बायोडाटाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. मी मनात शेठकडून पाच किलो तूरडाळ घेतली.

मग एचआरच्या मॅडमनी विचारलं, "पगाराची अपेक्षा काय आहे?"

"तुम्ही ठरवाल तो चालेल, मॅडम."

खोलीत एसीचा आवाज एकदम मोठा झाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, बायोडाटाच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण हळूच पुन्हा काढलं.