नऊ मिलिमीटर आणि .४५: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘नऊ मिलिमीटरची तरफदारी करणाऱ्याने कधी पिस्तूल हातात धरलेले नसावे; फिलिपाइन्समध्ये .३८ च्या गोळ्या खाऊनही मोरो योद्धे अंगावर येत राहिले, म्हणूनच अमेरिकेने .४५ आणली,’ असे आपण पिस्तुलाच्या गोळीच्या जाडीबद्दलच्या माझ्या मतावर लिहिले आहे (.३८ आणि .४५ हे आकडे इंचांतील). मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु आरंभीची तुच्छता कशासाठी? माझी उमेदीची वर्षे सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या बॅलिस्टिक्स विभागात, शवविच्छेदनात काढलेल्या गोळ्या आणि त्यांसोबतचे वैद्यकीय अहवाल तपासण्यात गेली आहेत. आपणच विषय काढलात, म्हणून हे सांगावे लागते.

.४५ ची गोळी सुमारे साडेअकरा मिलिमीटर जाड असते आणि तिची जखम अधिक रुंद होते, हे मला मान्य आहे.

आता आपला इतिहास. १९०४ साली अमेरिकी लष्करातील अधिकारी थॉम्पसन आणि लागार्ड यांनी गुरांवर व मृतदेहांवर चाचण्या घेऊन .४५ हून लहान गोळी नको, अशी शिफारस केली, हे खरेच. मात्र मोठी गोळी लागली तरी शरीराच्या बहुतेक भागांत ती केवळ धक्क्याने माणसाला थांबवेल अशी आशा नाही, म्हणून सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा, असेही त्याच अहवालात बजावलेले आहे. हा भाग आपण वाचलेला नसावा किंवा सोयीस्करपणे गाळला असावा. मेंदूला वा मज्जारज्जूला इजा झाली तरच माणूस तत्काळ कोसळतो. एरवी रक्तस्रावाने कोसळतो आणि त्याला वेळ लागतो. ११ एप्रिल १९८६ रोजी मियामीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या एजंटाच्या नऊ मिलिमीटर गोळीने मायकेल प्लॅट या दरोडेखोराचा दंड भेदला, फुफ्फुस फाडले आणि ती हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. त्यानंतरही त्याने दोन एजंटांना ठार केले. तिथे गोळी रुंदीत नव्हे, खोलीत कमी पडली. म्हणूनच एफबीआयने चाचणीसाठी मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच भेदनाचा निकष ठरवला, आधी दहा मिलिमीटर आणि मग .४० वापरून पाहिली, आणि नव्या बनावटीची, शरीरात शिरताच फुलणारी गोळी तो निकष पुरा करू लागल्यावर, कमी झटका व अधिक अचूकता पाहून, पुन्हा नऊ मिलिमीटरच स्वीकारली.

काडतुसांच्या किमतीबद्दल आणि माझ्या वयाबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याला उत्तर देण्याचे मला कारण दिसत नाही. .४५ च्या बाजूने पुन्हा लिहाल, तेव्हा ती गोळी किती खोल जाते, त्याचा आकडा सोबत द्यावा.