पट्टीची फाईल आणि चाळीस पानं कचरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘विंडोजवर बनवलेली पीआरएन फाईल लिनक्सच्या कमांडलाईनवरून छापणे’ या लेखावर (पीआरएन म्हणजे प्रिंटरकडे जाणारी छपाई जिच्यात साठवलीय ती फाईल) तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. जालन्याच्या मोंढ्यातल्या अडत दुकानात पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर विंडोजवर आहे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लिनक्सच्या संगणकाला जोडलाय. लेखातली कमांड जशीच्या तशी दिली तर एका पट्टीऐवजी चाळीस पानं कचरा निघाला. कमांडमधलं ‘रॉ’ काढून टाकल्यावर पट्टी बरोबर आली, पण एकेका पट्टीला मिनिटभर लागतंय. म्हणजे लेखातला सल्लाच उलटा आहे, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ पीडीएफ का करू नये?

तक्रार रास्त आहे. लेखात एक वाक्य राहून गेलं आणि नेमकं तेच महत्त्वाचं होतं : ‘रॉ’ तेव्हाच द्यायचं, जेव्हा फाईल समोरच्या प्रिंटरच्याच भाषेत असते. तुमची नव्हती.

हे मी पैजेवर सांगतो, कारण कचऱ्याच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्हीच टाकलाय. वरच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे ‘पीएस-अडोबी-३.०’ आहे. ही पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरभाषेतली फाईल. विंडोजवर पट्टी फाईलमध्ये काढताना निवडलेला ड्रायव्हर कुठल्यातरी पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटरचा आहे. तुमच्या डॉट मॅट्रिक्सला ईएससी/पी ही भाषा कळते, पोस्टस्क्रिप्ट नाही. ‘रॉ’ म्हणजे कप्सला (लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) दिलेली ताकीद : मधे हात लावू नको, आहे तसं पुढे ढकल. त्यानं ढकललं, आणि प्रिंटरनं समोर आलेलं अक्षर न् अक्षर छापलं.

‘रॉ’ काढल्यावर काय झालं? कप्सनं फाईलचे पहिले बाइट वाचले, पोस्टस्क्रिप्ट ओळखली, घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामकडून तिचं चित्र करून घेतलं आणि ते ठिपक्या-ठिपक्यानं प्रिंटरला दिलं. म्हणून बरोबर आलं, आणि म्हणूनच मिनिट लागलं. हेड आता अक्षरं मारत नाही, चित्र रंगवतंय.

तेव्हा फाईल हातात आली की आधी तिचं तोंड बघा. (कमांड इथं नागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन लहान अक्षरं आणि रोमन आकडे. जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगतो.)

हेड -सी ६४ पट्टी.पीआरएन | एक्सएक्सडी

फाईलचे पहिले ६४ बाइट सोळामान आकड्यांत दिसतील. सुरुवातीला १बी ४० दिसलं तर ईएससी/पी, म्हणजे तुमच्या प्रिंटरची भाषा. १बी ४५ दिसलं तर पीसीएल, लेझरवाल्यांची. १बी २५ २डी आणि पुढे १२३४५ असेल तर ते पीजेएलचं, म्हणजे प्रिंटरला द्यायच्या हुकमांचं, पाकीट. आत कोणती भाषा आहे ते जवळच्या ‘एंटर लँग्वेज’ या ओळीत लिहिलेलं असतं. २५ २१ म्हणजे तुमचा पोस्टस्क्रिप्टवाला प्रकार. एफएफ एफई दिसलं तर फाईल विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून ‘>’ वापरून काढलीय. त्यानं ती यूटीएफ-१६ या अक्षरांच्या वेगळ्या सांकेतिक पद्धतीत करून ठेवलीय आणि ती आता छपाईच्या कामाची नाही. आणि थेट दुकानाचं नावच दिसलं, तर तो साधा मजकूर.

आता दुरुस्ती. विंडोजच्या संगणकाला प्रिंटर जोडलेला नसला तरी बिघडत नाही. ‘ॲड प्रिंटर’मध्ये जाऊन हातानं जोडायचा पर्याय घ्या, पोर्ट म्हणून ‘फाईल : प्रिंट टू फाईल’ निवडा, उत्पादकांच्या यादीत ‘जेनेरिक’ आणि त्याखाली ‘टेक्स्ट ओन्ली’. पट्टीचं सॉफ्टवेअर या प्रिंटरवर छापायला लावलं की ते फाईलचं नाव विचारेल. जी फाईल मिळेल ती काही किलोबाइटची, नुसती अक्षरं. मग लिनक्सवर :

एलपी -डी पट्टी -ओ रॉ पट्टी.पीआरएन

-डी नंतरचं ‘पट्टी’ हे लिनक्सवरच्या प्रिंटरचं नाव. इथं ‘रॉ’ हवंच. कप्स १बी ४० नं सुरू होणारी फाईल बहुधा स्वतःच ओळखतं आणि तशीच सोडतं, पण साध्या मजकुराची फाईल दिसली की समास सोडून, पान आखून, पुन्हा चित्र करायला घेतं. एलपीऐवजी एलपीआर वापरत असाल तर प्रिंटरच्या नावाआधीचा -पी मोठा.

टेक्स्ट ओन्लीत एक गोष्ट आपल्याला सांभाळावी लागते : कागदाची लांबी. प्रिंटर १२ किंवा ११ इंची पान धरून बसलेला असतो. पट्टी ४ इंची असेल तर प्रत्येक फॉर्मफीडला (पान पुढे सरकवायच्या खुणेला) जवळपास दोन कोऱ्या पट्ट्या वाया जातात, तीन प्रतींचा कार्बनलेस कागद असेल तर ते चांगलंच महागात पडतं. इंचाला ६ ओळी, म्हणजे ४ इंचाला २४. हे प्रिंटरला फाईलच्या आधी सांगायचं :

(प्रिंटएफ '\०३३@\०३३सी\०३०'; कॅट पट्टी.पीआरएन) | एलपी -डी पट्टी -ओ रॉ

‘सी’ इथं मोठा. शेवटचा ०३० हा २४ चा अष्टमान आकडा आहे, तीस नव्हे; ३६ ओळींच्या पट्टीला ०४४ लिहा.

ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत गेल्या तर फाईलमध्ये लाइनफीड (ओळ खाली नेणारा बाइट, ०ए) आहे, पण कॅरेज रिटर्न (हेड डावीकडे परत आणणारा, ०डी) नाही. युनिक्स२डॉस ही कमांड चालवा. मात्र साध्या मजकुरावरच. ज्या फाईलमध्ये चित्र आहे तिच्यात ०ए हा बाइट ओळ संपल्याची खूण नसून ठिपक्यांचा भाग असू शकतो; त्याच्याआधी ०डी घुसला की पुढचं सगळं चित्र सरकतं.

मराठीचं मात्र जमणार नाही. प्रिंटरच्या पोटातल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. शेतकऱ्याचं नाव मराठीत असेल, तर यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीतलं एकेक अक्षर तीन बाइटांचं, आणि प्रिंटरच्या कोड पेज ४३७ या अक्षरतक्त्यावर त्यातले पहिले दोन म्हणजे ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन. नावाच्या जागी अल्फा-एन, अल्फा-एन अशी माळ दिसली तर घाबरू नका, प्रिंटर ठीक आहे. एकतर मथळा, ‘हमाली’, ‘तोलाई’ वगैरे आधीच छापलेला कागद आणून नाव आणि आकडे रोमनमध्ये भरा, नाहीतर त्याच प्रिंटरचा विंडोज ड्रायव्हर ‘फाईल’ पोर्टवर लावून चित्राची पीआरएन काढा आणि वेळ सोसा. दुसरी फाईलही ‘रॉ’नंच पाठवायची.

पीडीएफबद्दल : लेझर आणि ए-४ असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, तिथं पीआरएनच्या नादी लागूच नये. उद्या प्रिंटर बदलला तरी पीडीएफ चालते, पीआरएन चालेलच असं नाही. पण डॉट मॅट्रिक्सवर पीडीएफ म्हणजे पुन्हा तेच मिनिटभराचं चित्र, आणि सोयाबीनच्या हंगामात काउंटरवर रांग असते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्याकडे ती होणारच. संगणक इन्व्हर्टरवर आणि प्रिंटर थेट लाईटवर असेल, तर लाईट जाऊन आल्यावर अर्ध्या राहिलेल्या चित्राचे उरलेले बाइट प्रिंटर मजकूर समजून छापतो. तसं दिसलं की आधी प्रिंटर बंद करा, मग ‘कॅन्सल -ए पट्टी’ द्या, मग प्रिंटर चालू करून फाईल पहिल्यापासून पाठवा. आधी चालू केला तर रांगेत उरलेलं पुन्हा अंगावर येतं.

जेनेरिकवरून काढलेल्या फाईलचे पहिले ६४ बाइट इथं टाका. त्यात शेतकऱ्याचं नाव किंवा रक्कम आली असेल तर तेवढी ओळ खोडून.