पाणी कोणी घाण केले?

गौरी-गणपती उरकले, पावसाचा जोर ओसरला, म्हणून परवाच्या शनिवारी मी, माझा धाकटा भाऊ आणि आमची चांदी असे तिघे संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीवर तंबू ठोकायला गेलो आणि रविवारी संध्याकाळी चांदीच्या पायाला ३ टाके घालून चिपळूणला परतलो. चार दिवस झाले, तरी माझे डोके शांत झालेले नाही.

चांदी ही गावठी कुत्री, वजन १८ किलो. धबधब्याखालच्या डोहाच्या कडेला ती जेमतेम पोट भिजेल एवढ्या पाण्यात उतरली, दोन पावले चालली आणि पुढचा उजवा पाय वर धरून तशीच उभी राहिली. केकाटली नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली. तळव्याची मधली मोठी गादी आडवी चिरली होती आणि त्या चिरेत बिअरच्या बाटलीचा तपकिरी तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा, रुतून बसला होता. ओल्या कातळावर रक्ताचा ओघळ पसरत गेला आणि माझ्या ओढणीचे दोन पदर भिजले तरी ते थांबेना.

मी पाय बांधत असताना पलीकडे बसलेल्या सात-आठ जणांच्या टोळक्यातला एक गृहस्थ, हातात तशीच तपकिरी बाटली धरून, मला म्हणाला, “मॅडम, कुत्र्याला पाण्यात कशाला आणता? पाणी घाण होतं. इथे माणसांना आंघोळ करायची असते.” हे वाक्य मी चार रात्री ऐकते आहे. त्याच्या पायाशी शाम्पूच्या फाडलेल्या पुड्या होत्या, मागच्या कपारीत रश्श्याने माखलेली थर्माकोलची ताटे खोचलेली होती, आणि घाण कोणाची, तर माझ्या कुत्रीची! चांदीला दरवर्षी रेबीजची आणि लेप्टोची लस दिली जाते, गोचिडांचे औषध एकही महिना चुकत नाही, तिची विष्ठा मी पाण्यापासून लांब खड्डा खणून पुरते. त्या माणसाने त्या डोंगरासाठी यातले काय केले होते? भावाने त्याला काच दाखवली, तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, “कचरा उचलायला ग्रामपंचायत आहे ना.”

त्या डोहाच्या खालच्या अंगाला पऱ्यातच, म्हणजे ओढ्यातच, पाइपाचे तोंड बसवलेले आहे आणि तेच पाणी उताराने वाडीच्या नळांना जाते. म्हणजे यांचा शाम्पू संध्याकाळी कोणाच्या तरी हंड्यात उतरतो. काच तर कुजतही नाही. वर फोडलेली बाटली पुढच्या लोंढ्याबरोबर खाली येते, डोहातल्या वाळूत बसते आणि वरून पाणी नितळ दिसत राहते. राज्यात २०१८ साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला, पण त्या कपारीपर्यंत दंडाची पावती घेऊन चढलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

आणि हे काही एकाच डोहाचे दुखणे नव्हे. परशुराम घाटातला सवतसडा महामार्गालगत आहे, तिथे जुलैच्या रविवारी गाड्यांच्या डिक्क्या उघडून लावलेल्या गाण्यांपुढे धबधब्याचा आवाजही ऐकू येत नाही. देवकुंडाच्या धबधब्याला तर बेफिकीर पर्यटकांचे इतके जीव गेले की पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागतात आणि मग नियम पाळणाऱ्यांनाही ती वाट बंद होते. ज्याच्या अंगणात आम्ही तंबू लावला त्यानेही फोनवर ‘कुत्रा चालेल’ म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि प्रत्यक्षात तिला रात्रभर गोठ्यामागे बांधायला सांगितले, तेव्हा आम्ही दोघे आळीपाळीने तिच्याजवळ जागलो. कुत्रा घेऊन हिंडणाऱ्याने आपली मर्यादा सांभाळावी हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. मार्लेश्वरला जातो तेव्हा देवस्थान आहे म्हणून आमच्यापैकी एक जण चांदीला घेऊन पायऱ्यांखालीच थांबतो.

तिला खांद्यावर घेऊन भाऊ पाऊण तास शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरला, पोटऱ्यांना लागलेल्या जळवा काढायलाही थांबला नाही. रविवार असूनही चिपळूणच्या डॉक्टरांनी दवाखाना उघडला. प्रत्येक पावलाला गादीवर भार येतो, म्हणून तिथले टाके टिकवणे अवघड असते, असे त्यांनी बजावले, आणि आता १५ दिवस तिला अंगणातही उचलूनच न्यावे लागणार आहे.

आम्ही उतरत असताना वाडीतले एक म्हातारे काका पाइपाच्या तोंडाशी अडकलेला पाला काढायला वर निघालेले भेटले. खांद्यावर कोयती, पाय अनवाणी. मी त्यांना काचेबद्दल सांगितले. “माहीत आहे गो बाय,” ते म्हणाले, आणि टाच वर करून त्यांनी मला जुना व्रण दाखवला.