‘भाडेकरू काय पाइप बघायला येतो का?’ – एका चिडलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला हे कबूल करतो, म्हणूनच लगेच उत्तर टाइप केलं नाही, केलं असतं तर ते दोन ओळींचं आणि खवचट झालं असतं. काल परत शांतपणे वाचली आणि लक्षात आलं की तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि जे निम्मं बरोबर आहे तेच उरलेल्या निम्म्याला खोडून काढतंय. ते कसं हे सांगायचं तर उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात, म्हणजे कुणाला मधेच आल्यासारखं वाटू नये. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पहिल्यांदाच जुनं घर घेऊन, दुरुस्त करून भाड्याने द्यायचा विचार असेल तर रंग, किचन, लाइट्स सगळं शेवटी, आधी घरात पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय ते बघा. आणि जाता जाता एक वाक्य फेकलं होतं की भाडं कर्जाच्या हप्त्याच्या आसपास आलं की घर आपलं पोट आपण भरतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा लेख नवख्या माणसाला एकीकडे घाबरवतो आणि दुसरीकडे खोटी आशा लावतो, भाडं हप्त्याएवढं आलं तरी दुरुस्ती आणि रिकामे महिने धरले की पैसे खिशातूनच जातात, भाडेकरू काय पाइप बघायला येतो का, तो किचन बघतो, बाथरूम बघतो, त्यामुळे खर्च दिसणाऱ्या गोष्टींवरच करावा, तुम्ही तसंच केलंत आणि भाडं वाढलं. शिवाय स्वतः हाताने काम करायला सांगून मी लोकांना गोत्यात आणतोय. आणि शेवटचा टोला, दोन घरांच्या अनुभवावर माणसाने गुरुजी होऊ नये.

पोट भरण्याचं वाक्य चुकलं. सपशेल चुकलं, त्यावर वाद नाही. समजा महिन्याचा हप्ता १०० आणि भाडंही १००. वर्षाचं भाडं कागदावर १२००. एक महिना घर रिकामं राहिलं, आणि जुना भाडेकरू गेला नि नवीन आला की तेवढं होतंच, तर आले ११००. एक महिना म्हणजे ऐकायला किरकोळ वाटतं पण वर्षाच्या भाड्याचे ८ टक्क्यांहून जास्त गेले. त्यातून कर, विमा, नळ-गिझर-कुलूप असली बारीक दुरुस्ती, आणि पाच-सात वर्षांनी येणाऱ्या मोठ्या कामासाठी बाजूला ठेवायचे पैसे, असे मिळून समजा ३०० गेले. उरले ८००. हप्ते मात्र १२००च भरायचे, बँकेला रिकामा महिना वगैरे काही कळत नाही. म्हणजे वर्षाला ४०० खिशातून. हा ३००चा आकडा घरागणिक बदलेल पण शून्य कधीच येणार नाही, आणि मी तो शून्य धरून बसलो होतो.

त्याहून मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. ‘हप्त्यातून मुद्दल तर फिटतंच की’ असंही मी त्या लेखात लिहिलं होतं. २० वर्षांचं कर्ज, ९ टक्के व्याज धरा. पहिल्या हप्त्यातल्या १०० मधले साधारण ८३ व्याजात जातात, मुद्दलात फक्त १७. सलग ५ वर्षं, एकही हप्ता न चुकवता भरलेत तरी घेतलेल्या १०० पैकी जवळजवळ ८९ अजून देणं असतं. मी हे पहिल्यांदा स्वतःच्या कर्जाच्या तक्त्यात बघितलं तेव्हा मला वाटलं बँकेनेच काहीतरी घोळ घातलाय. घोळ नव्हता, सुरुवातीला मुद्दल मोठं असतं म्हणून व्याजही मोठं असतं, साधं गणित. पण नवख्या माणसाने ‘तीन-चार वर्षांनी विकून टाकू, तोपर्यंत बरंच कर्ज फिटलं असेल’ असं धरून घर घेऊ नये.

तर ती दोन्ही वाक्यं मी खोडलीत. पुसली नाहीत, खोडलेली दिसताहेत, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला तुम्ही कशावर चिडला होतात ते कळेल.

आता तुमचा दुसरा मुद्दा, पाइपचा. अहो, तुम्हीच म्हणताय की रिकामे महिने आणि दुरुस्ती माणसाला मारतात. मग जुन्या घरात रिकामे महिने येतात कशाने? भाडेकरू पाइप बघून घर घेत नाही हे शंभर टक्के खरं. पण घर सोडतो तो बऱ्याचदा पाइपमुळेच! किचनचा रंग आवडेना म्हणून अर्ध्यात सामान बांधून गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, कपाटातले कपडे बुरसटले म्हणून गेलेला पाहिलाय, माझ्याच घरातून.

ती गोष्ट सांगतो, मागच्या लेखात लाज वाटली म्हणून टाळली होती. पहिल्या घराच्या बाथरूममध्ये जुन्या टाइल्स फोडायचा खर्च आणि धूळ नको म्हणून मी जुन्यावरच नवीन टाइल्स लावून घेतल्या. मिस्त्री म्हणाला होईल, मी म्हटलं कर. दिसायला असं झालं की फोटो बघून पहिल्याच आठवड्यात भाडेकरू मिळाला, म्हणजे तुमचा सिद्धांत तिथवर अगदी बरोबर. चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला पिवळा डाग, आणि इकडे बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे. मी काय केलं? रंग मारला. डाग परत आला. मग भारीतला तेलकट रंग मारला, म्हटलं आता येतो कसा बघू. महिन्याभरात तो रंग फुग्यासारखा फुगून सुटला आणि मागे पांढरी पावडर, लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर यायला बघतं, ते वाळताना क्षार मागे ठेवतं, आणि वरून तुम्ही तोंड बांधलंत की तेच क्षार रंगाला आतून ढकलून देतात. म्हणजे भारी रंगाने मी डाग थांबवला नाही, उलट पैसे देऊन भिंतीला पापड लावले.

मग प्लंबर आला, तो म्हणाला मिस्त्रीचं काम वाईट. मिस्त्री आला, तो म्हणाला प्लंबरचा जॉइंट गळतोय. दोघं माझ्याकडे बघतायत, मी भिंतीकडे. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी एक साधी गोष्ट केली. पाणी जायचं तोंड बुच लावून घट्ट बंद केलं, जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि चोवीस तासांनी बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या किंचित खाली, उन्हा-वाऱ्याने उडेल तेवढंच, आणि खाली नवीन ओल नाही. मग बुच काढलं, पाणी सोडलं, आणि तासाभरात खालचं छत ओलं. म्हणजे फरशी ठीक, गळतंय ते पाणी जायच्या वाटेवर. झालं होतं असं की टाइल्सवर टाइल्स लावल्यामुळे जमीन दोन सेंटिमीटर वर आली, जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी जिथून पाइपात जातं ते भांडं, मात्र जुन्याच उंचीला राहिला, आणि मधली ती दोन सेंटिमीटरची कडा कुणी सीलच केली नव्हती. जाणारं थोडं थोडं पाणी त्या फटीतून जुन्या-नव्या टाइल्सच्या मध्ये शिरत होतं. कोपऱ्यात बोटभर जागेचा प्रश्न, पण तिथे पोचायला नवी कोरी बाथरूम फोडावी लागली. भाडेकरू गेला, घर अडीच महिने रिकामं, खालच्यांचं छत मी रंगवून दिलं. आता तुमच्याच हिशोबात बसवा, अडीच महिने म्हणजे वर्षाच्या भाड्यातले २० टक्क्यांहून जास्त, दुरुस्ती वेगळीच.

म्हणून मी ‘आधी पाणी’ म्हणतो, घाबरवायला नाही. उलट या तपासण्या इतक्या स्वस्त आहेत की न करण्याचं काही कारणच नाही. घर बघायला जाल तेव्हा दोन नळ एकदम सोडा, पहिल्याची धार दुसरा उघडल्यावर करंगळीएवढी झाली तर जुन्या लोखंडी पाइपला आतून गंज धरून भोक बारीक झालं असण्याची शक्यता मोठी, बाहेरून तो पाइप धडधाकट दिसेल. पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा लिहून घ्या, दोन तासांनी परत बघा, टाकी भरत नसतानाही पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळती असण्याची शक्यता मोठी, फक्त लक्षात ठेवा की मीटर येणाऱ्या पाण्याचंच सांगतो, जाणारं गळत असेल तर त्याला पत्ता नसतो, तिथे वरचीच बुचाची परीक्षा. भिंत ओलसर वाटली तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला आले तर घरातलीच दमट हवा गार भिंतीवर जमतेय आणि तिथे फोडाफोड नको, खिडकी आणि पंखा हवा. हा फरक न कळल्यामुळे लोक वॉटरप्रूफिंगवर पैसे ओततात आणि डाग तसाच. टाइल्सवर नाण्याने टकटक करत जा, बद्द आवाज आला की खाली पोकळ. एवढ्याला फार तर अर्धा दिवस आणि प्लास्टिकसाठी परत एक फेरी. घरमालक कुरकुरला तर त्याच्या कुरकुरीतूनही काहीतरी कळतंच.

तुमच्या किचनबद्दल मला आनंदच आहे, उपरोधाने म्हणत नाही. दिसणारा खर्च वाया जातो असं मी म्हटलं नव्हतं, क्रम सांगितला होता. आणि त्यातही हिशोब लावून बघा, किचनला आलेला खर्च भागिले महिन्याला वाढलेलं भाडं, किती महिने येतात? ४० आले तर उत्तम, १५० आले तर पैसे वसूल व्हायला साडेबारा वर्षं, तोवर त्या कॅबिनेटच्या बिजागऱ्या दोनदा बदलून झाल्या असतील. स्वतः राहायचं असेल तर हा हिशोब करू नका, आवडतं ते करा, पण भाड्याच्या घरात स्वतःची आवड घुसली की खर्च कुठे थांबवायचा ते कळत नाही. माझ्या दुसऱ्या घरात मी असल्या भानगडीत एक बेसिन घेतलंय त्याबद्दल घरात अजून बोलणी खातो.

हाताने काम करण्याबद्दल. मी जुना रंग खरवडणं, पुट्टी भरणं, रंग मारणं एवढंच म्हटलं होतं, वायरिंग आणि गॅस नाही, पण ते ठळक लिहायला हवं होतं, तुमच्या मित्राला शॉक बसला ते वाचून वाईट वाटलं. जुन्या घरात वीज गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच बऱ्याचदा नसतोच, घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असतो, रंगाआधी इलेक्ट्रिशियनकडून तो बसवून घ्या आणि अर्थिंगही तपासून घ्या. आणि खरवडण्याबाबत माझ्याकडून एक गंभीर गोष्ट राहिली होती, फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत घरात नको. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते स्वतः फोडूच नका, त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं.

राहिला गुरुजींचा टोला. हो, दोनच घरं. त्यातलं एक मी विकलं आणि सगळे खर्च धरले तर तोट्यात विकलं. ज्यांची वीस घरं आहेत त्यांच्याकडे ठरलेला प्लंबर असतो, ठरलेला मिस्त्री असतो, एक घर तीन महिने रिकामं राहिलं तरी बाकीची एकोणीस सांभाळून घेतात. पहिल्या घरवाल्याकडे यातलं काहीच नसतं, आणि मी अजून त्याच्याच बाजूला उभा आहे म्हणून त्याच्यासाठी लिहितो. पटत नसेल तर वीसवाल्यांचंही वाचा, मीही वाचतो.

एक विचारायचं राहिलं. किचन नवीन केलंत तेव्हा सिंकखालची जुनी लाइन बदललीत, की कॅबिनेटच्या मागे तशीच झाकली? प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी भाडं घ्यायला जाल तेव्हा सिंकखालचं दार उघडून मागच्या फळीला तळहात लावून बघा, गार-दमट लागतेय का, खालच्या कोपऱ्यात फळी फुगलीय का. कोरडी निघाली तर इथे येऊन सांगा, मी जाहीरपणे ऐकून घेईन.