एलिस शिवराळ होता, पण ‘पॉझिटिव्ह विचार करा’ म्हणणारा नव्हता

सर, (निवृत्त शिक्षक असल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हे संबोधन.)

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसवरच्या माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलाय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉमर्सची पदवी घेतलेला, शिव्या देणारा, समोरच्याला फैलावर घेणारा हा माणूस कसला मानसोपचारतज्ज्ञ? ‘घटना नाही, तुमचा विचार त्रास देतो’ असं म्हणणं म्हणजे पिचलेल्यालाच दोषी ठरवणं. तुमच्या भाच्याला एका समुपदेशकाने ‘पॉझिटिव्ह विचार कर’ असं सांगून परत पाठवलं, तीही हीच थेरपी. आणि यात नवीन ते काय, आपल्या संतांनी सांगून ठेवलेलंच आहे.

शेवटच्या मुद्द्यावर वाद नाही. एलिस स्वतःच एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचं ऋण उघडपणे मान्य करायचा. नवीन होतं ते हे, की त्या विचाराची त्याने पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये वापरता येईल आणि घरी गृहपाठ म्हणून देता येईल अशी रीत बसवली.

शिक्षणाचं म्हणाल तर 1934 साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून घेतलेली पदवी व्यवसाय प्रशासनाची होती, खरं आहे. मंदीचे दिवस होते, पोट भरायचं होतं. पण त्यानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून त्याने 1943 मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. आणि 1947 मध्ये पीएच.डी. केली. पुढे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि काही वर्षं तो व्यवसायही केला. फ्रॉइडची वाट त्याने सोडली ती आतून पाहिल्यावर: लोकांना आपल्या दुखण्याचं मूळ कळतं, पण दुखणं हटत नाही, हा त्याचा अनुभव होता. 1955 मध्ये त्याने स्वतःची पद्धत मांडली. तिचं आजचं नाव आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी), मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार.

त्याचं लहानपण मात्र तुम्ही वाचायला हवं होतं. मूत्रपिंडाच्या आजाराने पोर वारंवार रुग्णालयात, आईवडील क्वचितच भेटायला येणारे. बारा वर्षांचा असताना त्यांचा घटस्फोट. मुलींशी बोलायची इतकी भीती, की एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःलाच काम लावून घेतलं: ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली प्रत्येक स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं. तो सांगायचा, तीस जणी लगेच उठून गेल्या, शंभरजणींशी बोलणं झालं, त्यातली एक भेटायला तयार झाली आणि आलीच नाही. (आज कुणी हा प्रयोग करू नये. बाकावरच्या बाईलाही काही म्हणायचं असतं.) पण नकाराने आपण मरत नाही, हे त्याला तिथे पटलं. उपदेशापेक्षा गृहपाठावर त्याचा भर का, हे मला यातून कळतं.

आता तुमचा खरा आक्षेप. पुण्यातल्या अभ्यासिकेत चार वर्षं घासून एमपीएससीत दोन गुणांनी हुकलेला मुलगा घ्या. ‘अपयश ही यशाची पायरी’ असलं काही एलिस त्याला सांगणार नाही. त्याचा पहिला प्रश्न असेल: निकालानंतर मनात काय चाललंय? बहुधा उत्तर येईल, ‘मला पोस्ट मिळायलाच हवी होती, गावाला काय तोंड दाखवू, मी नालायक आहे.’ यातलं दुःख एलिस खोडत नाही. मनापासून हवं ते मिळालं नाही तर वाईट वाटणारच, वाटायलाच हवं. दुःख वेगळं आणि खचणं वेगळं, काळजी वेगळी आणि धास्ती वेगळी, हा फरक त्याच्या पद्धतीचा कणा आहे. तो खोडतो ती मागणी आणि तो निवाडा. पोस्ट मिळालीच पाहिजे असा नियम कुठे लिहिलाय? एका परीक्षेवरून अख्खा माणूस नालायक कसा ठरतो? आणि असं मानून उद्या सकाळी उठायला मदत होते की नाही? मग गृहपाठ: ज्या काकांना टाळतोयस त्यांना फोन कर आणि निकाल सांग.

इथे ‘सगळं छान होईल’ कुठेही नाही. उलट, छान नाही झालं तर काय, याचीच तयारी आहे. भाच्याला मिळाली ती घोषणा होती. तिला कुठल्याच पद्धतीचं नाव देऊ नका.

दोष देण्याबद्दल अजून एक. नवरा मारतो म्हणणाऱ्या बाईला ‘तुझा विचार बदल’ असं सांगणारा समुपदेशक हा गुन्ह्याला हातभार लावतो. तिथे आधी सुरक्षितता, कायदा, माहेर किंवा निवारा. आरईबीटी त्यानंतर कामाला येते, ‘मी सहन केलं नाही तर मी वाईट बाई’ या समजुतीशी झगडायला. कर्ज, जात, बेकारी यांना ‘हा नुसता तुझा विचार’ म्हणून उडवून लावणारे लोक मीही पाहिलेत. त्यांच्यावरचा तुमचा राग रास्त आहे, फक्त पत्ता चुकलाय.

फटकळपणाबद्दल मी एलिसचा वकील होणार नाही. 1960च्या दशकात एकाच स्त्रीशी कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तीन वेगळ्या पद्धतींच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाठोपाठ केलेली सेशन्स चित्रित झाली आहेत. त्यात रॉजर्स ऐकतो आणि एलिस बोलतच सुटतो. मला स्वतःला त्याच्या खोलीत बसायला आवडलं नसतं. पण पद्धत म्हणजे पद्धत काढणाऱ्याचा स्वभाव नव्हे. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या संस्थेने ती रुजवली, आणि इथे ती बरीच सौम्य बोलते. एलिसच्याच काळात फिलाडेल्फियात आरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने स्वतंत्रपणे जवळपास त्याच वाटेने, पण हळू आवाजात काम केलं. संशोधनाचा आधार आज बेकच्या परंपरेकडे जास्त आहे, हेही मान्य करू.

भाच्याबद्दल. एलिसची पदवी तपासलीत तशी त्या समुपदेशकाचीही विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, ती मागायला संकोच नको. नुसता ‘समुपदेशक’ असा बोर्ड कुणीही लावतो, म्हणून शिक्षण काय, देखरेखीखाली काम केलंय का, कुठल्या पद्धतीने काम करणार, हे पहिल्याच भेटीत विचारावं. चार-पाच सेशन्समध्ये काहीच हललं नाही तर ते तोंडावर सांगावं आणि दुसरीकडे जावं. झोप-भूक गेली असेल, तो दिवसभर अंथरुणातच असेल, तर गप्पांवर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञाला दाखवा; औषध लागू शकतं. आणि मरण्याबद्दल एक शब्द जरी बोलला तरी त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.