सोसायटीच्या एफडीचं व्याज "पूर्ण टॅक्स फ्री" नाही, त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघू

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात पण मजकूर साधारण असा असतो: "सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महत्त्वाचे. कलम ८०पी प्रमाणे सहकारी संस्थेला एफडीच्या व्याजावर शून्य टॅक्स. पैसा सभासदांचा आहे म्हणून व्याजही सभासदांचंच, त्यावर टॅक्स लागूच शकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ ला शिक्कामोर्तब केलं आहे. टॅक्स नाही म्हणजे रिटर्न भरायची गरज नाही. बँकेने टीडीएस कापला तर तो बेकायदेशीर आहे, बँकेला जाब विचारा. पुढे पाठवा."

मी सोसायट्यांचे हिशेब बघतो आणि हा मेसेज वाचून कमिट्या काय काय ठरवतात ते मला दिसतं, त्यामुळे गप्प बसवत नाही. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि तीच जास्त घातक आहे, कारण अर्धं खरं असलं की लोक उरलेलं तपासत नाहीत.

"सहकारी संस्थेला व्याजावर शून्य टॅक्स."

८०पी, म्हणजे इन्कम टॅक्स कायद्यातलं सहकारी संस्थांसाठीचं कलम, ही सरसकट माफी नाहीये. ती वजावट आहे, आणि वेगवेगळ्या उत्पन्नाला वेगवेगळी वजावट आहे. हाउसिंग सोसायटीच्या कामाचं पोटकलम म्हणजे ८०पी(२)(डी), आणि त्यात म्हटलंय की एका सहकारी संस्थेने दुसऱ्या सहकारी संस्थेत गुंतवणूक केली आणि त्यावर व्याज किंवा डिव्हिडंड मिळाला तर तो पूर्णच्या पूर्ण वजा. दुसऱ्या सहकारी संस्थेत, हे दोन-तीन शब्द मेसेजमधून गायब आहेत आणि सगळा खेळ त्यांचाच आहे.

म्हणजे पैसे कुठं ठेवलेत यावर सगळं ठरतं. सारस्वत, कॉसमॉस, टीजेएसबी, जनता सहकारी या सहकारी बँका आहेत, जिल्हा मध्यवर्ती बँक सहकारी आहे, त्यांचं व्याज (डी) मध्ये बसतं. स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, एचडीएफसी, आयसीआयसीआय, पोस्ट, कुठलीही स्मॉल फायनान्स बँक, यांचं व्याज नाही बसत. नावात महाराष्ट्र आहे, शाखा आपल्या गल्लीत आहे, मॅनेजर ओळखीचा आहे, याने काही होत नाही. एक गोष्ट तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, पीएमसी बँक ही सहकारी बँक होती, जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, म्हणजे खातं जुनंच वाटलं तरी त्या दिवसानंतरचं व्याज सहकारी संस्थेकडून आलेलं राहिलं नाही.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. समजा सोसायटीकडे सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड मिळून २० लाखांच्या एफडी आहेत, ७ टक्क्यांनी वर्षाला १,४०,००० व्याज. सहकारी संस्थेला आपल्यासारखी काही लाखांची मूळ सूट नसते, पहिल्या १०,००० वर १० टक्के, पुढच्या १०,००० वर २० टक्के आणि २०,००० च्या वर थेट ३० टक्के. हे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत असतील तर १,००० अधिक २,००० अधिक ३६,००० असे ३९,०००, वर ४ टक्के सेस, एकूण ४०,५६० रुपये टॅक्स. तेच पैसे सहकारी बँकेत असतील आणि क्लेम नीट केला असेल तर शून्य. दोन्हीकडे सोसायटी तीच, सभासद तेच, व्याज तेवढंच.

मधली एक पायरी आहे, ८०पी(२)(सी) मधली ५०,००० ची वजावट. बऱ्याच सोसायट्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या व्याजासमोर ती घेतात, तशी मिळाली तर वरच्या उदाहरणात टॅक्स २४,९६० वर येतो. पण त्या पोटकलमात संस्थेच्या कामकाजातून झालेल्या नफ्याची भाषा आहे, एफडीचं व्याज हे कामकाजातून आलेलं नाही असं इन्कम टॅक्स खातं म्हणू शकतं, तेव्हा ही वजावट हातचीच आहे असं धरून बजेट करू नका.

आता जे मेसेजच्या बरोबर उलट टोकाला जाऊन सांगतात की "सहकारी बँकेचं व्याजही टॅक्सेबल आहे, ८०पी(४) आल्यापासून सगळं बंद", त्यांचंही बरोबर नाही. ८०पी(४) हे २००६ च्या फायनान्स अॅक्टने आलं, त्याने सहकारी बँकांना स्वतःच्या नफ्यावर मिळणारी ८०पी ची वजावट काढून घेतली. त्यावरून खात्याने असा अर्थ काढला की सहकारी बँक म्हणजे आता सहकारी संस्थाच नाही, म्हणून तिच्याकडून मिळालेलं व्याज (डी) मध्ये येत नाही. मुंबईच्या इन्कम टॅक्स अपिलीय ट्रिब्युनलने हा अर्थ अनेकदा फेटाळलाय, लँड्स एंड, कालियनदास उद्योग भवन, सॉलिटेअर अशा सोसायट्यांच्या केसेस आहेत, मुद्दा सोपा आहे की बँकेची वजावट गेली म्हणून बँकेची सहकारी नोंदणी जात नाही. कर्नाटक हायकोर्टाचा जून २०१७ चा टोटगार्स या शेतमाल विक्री सोसायटीचा एक निकाल मात्र खात्याच्या बाजूने आहे आणि नोटिशीत तोच समोर येतो, गंमत म्हणजे त्याच संस्थेच्या केसमध्ये त्याच हायकोर्टाने जानेवारी २०१७ ला संस्थेच्या बाजूने निकाल दिला होता. म्हणून महाराष्ट्रातल्या सोसायटीने हा क्लेम हक्काने करावा, पण नोटीस येऊ शकते आणि तेव्हा उत्तर द्यावं लागेल हे गृहीत धरून कागद तयार ठेवावेत. सहकारी बँकेच्या शेअर्सवरचा डिव्हिडंडही याच पोटकलमात पूर्ण वजा होतो, तो कितीतरी कमिट्या घ्यायच्याच विसरतात.

"पैसा सभासदांचा म्हणून व्याजही सभासदांचंच."

हा म्युच्युअॅलिटीचा मुद्दा आहे, म्हणजे सभासदांनीच दिलेला पैसा सभासदांच्याच वर्तुळात राहिला तर ते उत्पन्न धरायचं नाही, आणि सभासदांकडून येणाऱ्या पैशाला तो लागू होतो यात वाद नाही. मेंटेनन्स, ट्रान्सफर फी, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिल्यावर सभासदाकडून घेतात ते), यावर सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ ला व्यंकटेश प्रिमायसेसच्या केसमध्ये सोसायट्यांच्या बाजूने निकाल दिलेला आहे. थकबाकीवर सभासदाकडून घेतलेलं व्याजही त्याच वर्तुळातलं.

पण बँकेचं व्याज सभासद देत नाही, बँक देते. बँक तुमचे पैसे बाहेरच्या माणसाला कर्जाने देते, त्यातून कमावते आणि त्यातला वाटा तुम्हाला देते, म्हणजे वर्तुळ तुटलं. बेंगलोर क्लबच्या केसमध्ये जानेवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, आणि तिथं तर ज्या बँकांत एफडी होत्या त्या बँका क्लबच्या कॉर्पोरेट मेंबर होत्या, तरीही व्याज टॅक्सेबल ठरलं. २०२३ मध्ये सिकंदराबाद क्लबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तीच भूमिका कायम ठेवली. तेव्हा बँकेच्या व्याजापुरता हा मुद्दा संपलाय, त्यावर परत वकील लावून सभासदांचे पैसे घालवू नका. मोबाइल टॉवरचं भाडं, होर्डिंगचं भाडं हेही बाहेरचंच, तेही म्युच्युअॅलिटीत येत नाही.

"सुप्रीम कोर्टाने २०२१ ला शिक्कामोर्तब केलं."

१२ जानेवारी २०२१ चा माविलायी सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँकेचा निकाल, तो खरा आहे आणि सहकाराच्या दृष्टीने खूप मोलाचा आहे. पण तो केरळमधल्या प्राथमिक कृषी पतसंस्थांबद्दल होता. प्रश्न होता की सभासदांना कर्ज देण्याच्या धंद्यावरची वजावट, म्हणजे ८०पी(२)(ए)(आय), त्यांना मिळते का. कोर्ट म्हणालं ८०पी हे सहकाराला उत्तेजन देणारं कलम आहे, ते उदारपणे वाचा, आणि ८०पी(४) ने फक्त रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या सहकारी बँका बाहेर जातात. नावात बँक आहे म्हणून कुणी आपोआप बँक होत नाही. पतसंस्थांना याचा मोठा आधार झाला. हाउसिंग सोसायटीने स्टेट बँकेत ठेवलेल्या एफडीबद्दल त्यात काहीही नाहीये.

पतसंस्थांनी पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. पडून असलेला पैसा एफडीत टाकून मिळालेलं व्याज हे धंद्याचं उत्पन्न नाही, इतर उत्पन्न आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० ला टोटगार्सच्याच केसमध्ये म्हटलेलं आहे, तिथं मालविक्रीचे सभासदांना द्यायचे पैसे संस्थेने गुंतवले होते. प्रत्येक पतसंस्थेला ते लागू होतं का यावर पुढे भरपूर वाद झालेत. आणि जाता जाता, पतसंस्थेत तुम्ही स्वतः ठेव ठेवली तर तिथं सभासदाच्या व्याजावर सहसा टीडीएस कापत नाहीत, पण म्हणून ते व्याज करमुक्त होत नाही, ते तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचंच असतं.

"टॅक्स नाही म्हणजे रिटर्न भरायची गरज नाही."

या एका वाक्याने सगळ्यात जास्त सोसायट्यांचं नुकसान केलंय. म्हणून जरा सविस्तर.

रिटर्न भरायचं की नाही हे वजावटीच्या आधीच्या उत्पन्नावर ठरतं. सोसायटीला मूळ सूट नाही, म्हणजे व्याज आलं की रिटर्न आलंच. त्याहून महत्त्वाचं कलम ८०एसी: असेसमेंट वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) २०१८-१९ पासून, मुदतीच्या आत रिटर्न भरलं नाही तर ८०पी ची वजावटच मिळत नाही. आणि ८०ए(५) प्रमाणे रिटर्नमध्ये मागितलीच नाही तरी मिळत नाही. म्हणजे सहकारी बँकेत शहाणपणाने पैसे ठेवले, व्याज शंभर टक्के वजा होण्यासारखं होतं, आणि रिटर्न डिसेंबरमध्ये भरलं, तर वरच्या उदाहरणातले ४०,५६० परत अंगावर, त्यावर व्याज, वर लेट फी. २०२१ पासून तर कायद्यातच तशी तरतूद झाली की उशिराच्या रिटर्नमधली ही वजावट बंगळुरूचं प्रोसेसिंग सेंटर परस्पर काढून टाकू शकतं, अधिकाऱ्यासमोर बसून समजावायची वेळही येत नाही, सरळ टॅक्सची डिमांड येते.

सहकार कायद्याने सोसायटीचं ऑडिट सक्तीचं आहे, म्हणून तिच्या रिटर्नची मुदत एरवी ३१ जुलै नसून ३१ ऑक्टोबर असते. ही सवलत वाटते पण कमिट्या अडकतात इथंच. एजीएम ३० सप्टेंबरपर्यंत, ती झाल्यावर मग सेक्रेटरी बदलणार, नवे खजिनदार बँकेत सही बदलायला जाणार, जुन्यांकडून लॉगिन मिळत नाही, मध्ये दिवाळी, आणि ऑक्टोबर संपला. रिटर्नचं काम एजीएमची वाट बघत थांबवू नका, ऑडिट झालं की लगेच भरा.

भरताना आयटीआर-५ मध्ये व्याज आधी इतर उत्पन्नात पूर्ण दाखवायचं आणि मग शेड्यूल ८०पी मध्ये सहकारी संस्थेतल्या गुंतवणुकीच्या रकान्यात वजावट घ्यायची. व्याज थेट वगळून शून्य उत्पन्नाचं रिटर्न भरणारे आहेत, तसं केलं की एआयएस मधले (खात्याकडच्या तुमच्या उत्पन्नाच्या पत्रकातले) आकडे जुळत नाहीत आणि क्लेम तर केलेलाच नसतो. एफडीचा तक्ता बँकवार करा, सहकारी एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे, आणि प्रत्येक बँकेचं व्याज सर्टिफिकेट त्याला लावा. नोटीस आली तर निम्मं उत्तर तिथंच तयार असतं. सल्लागाराने २२ टक्क्यांचा ११५बीएडी चा पर्याय सुचवला तर त्याला विचारा की ८०पी चं काय, कारण तो पर्याय घेतला की ही वजावट सोडावी लागते.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू आहे, सहकारी संस्थांची वजावट त्यातही आहे, कलमांचे नंबर वेगळे आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याने.

"टीडीएस कापणं बेकायदेशीर."

पूर्वी सहकारी संस्थेने दुसऱ्या सहकारी संस्थेला दिलेल्या व्याजावर टीडीएस नव्हता, आणि लहान सहकारी बँकांच्या बाबतीत आजही नाही. पण २०२० च्या फायनान्स अॅक्टने १९४ए (व्याजावरच्या टीडीएसचं कलम) मध्ये बदल झाला, आधीच्या वर्षात ज्या बँकेची उलाढाल ५० कोटींच्या वर आहे तिने व्याज मर्यादेपलीकडे गेलं की कापायचा. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० आहे, त्याआधी ४०,००० होती. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी भांडून काही मिळणार नाही, तो कायद्याने सांगितलेलंच करतोय. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये क्लेम केला की रिफंड येतो, आणि रक्कम मोठी असेल तर कमी कपातीच्या सर्टिफिकेटसाठी (जुन्या कायद्यात कलम १९७) अर्ज करता येतो. हा मेसेज ऐकून रिटर्नच न भरणाऱ्या सोसायटीचा टीडीएस मात्र खरंच सरकारकडे राहतो.

हे सगळं वाचून "चला मग सगळं सहकारी बँकेत हलवूया" असं कुणी म्हणालं तर तिथंही थांबा. टॅक्स वाचतो हे खरं, पण ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतो, आणि सोसायटी म्हणजे एक ठेवीदार, सभासद साठ असोत की सहाशे. सप्टेंबर २०१९ ला पीएमसीवर निर्बंध आले तेव्हा कितीतरी सोसायट्यांचे दुरुस्तीचे पैसे अडकले, लोकांनी गळक्या गच्चीखाली पावसाळे काढले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७० मध्ये पैसे कुठं गुंतवायचे याची यादी आहे ती आधी बघा, बँकेचा एनपीए (बुडीत-थकीत कर्जं) आणि ऑडिट वर्ग बघा, पैसे दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा, आणि त्यात थोडा टॅक्स भरावा लागला तर भरा.

ज्यांची मुदत आधीच गेलीय आणि ८०पी नाकारल्याची डिमांड आलीय त्यांनी ती फाइल बंद करू नका. कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. सीबीडीटीने (इन्कम टॅक्स खात्याचं केंद्रीय बोर्ड) २६ जुलै २०२३ ला सर्क्युलर १३/२०२३ काढून असेसमेंट वर्ष २०१८-१९ ते २०२२-२३ साठी असे अर्ज चीफ कमिशनर पातळीवर निकाली काढायला सांगितलं होतं, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे होणाऱ्या ऑडिटला उशीर झाला का हे त्यात बघायला सांगितलं होतं. तेव्हा ऑडिटर नेमल्याचा ठराव, त्यांना कागद कधी दिले त्याची पोच आणि ऑडिट रिपोर्टची तारीख, हे तीन कागद आजच शोधून अर्जाला जोडायला ठेवा.